डॉक्टरीणबाईंचा बाक

परवा गुडघा दाखवायला गेले होते. मुलगा सोबत होता. डॉक्टर तरुण, हुशार, बोलायला गोड. त्यांनी माझा एक्स-रे उजेडासमोर धरला आणि माझ्या मुलाला विचारलं, ''यांना जिना चढताना त्रास होतो का?'' मुलगा म्हणाला, ''होतो.'' ''झोप नीट लागते?'' ''लागते.'' मी दोघांच्या मधोमध बसले होते, आणि माझी झोप कशी लागते हे मला सोडून दोघांना माहीत होतं. अशा वेळी मला डॉक्टरीणबाई आठवतात. आधी हसू येतं आणि मग वाईट वाटतं. बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली.

त्यांचं नाव नलिनीबाई. पाटीवर ते डिग्रीसकट लिहिलेलं होतं, पण पाटी वाचून कोणी येत नसे. लातुरात आमच्या भागात 'डॉक्टरीणबाई' म्हटलं की रिक्षावाला बरोबर त्यांच्या दारात आणून सोडायचा. बाई मूळच्या उदगीरकडच्या. त्यामुळे चिडल्या की मराठीत एखादा कानडी शब्द घुसायचा. ''सुम्ने बसा'' म्हणाल्या की भलेभले गप्प बसत. अर्थ विचारायची कोणाची छाती नव्हती. अंगाने लहानखुऱ्या, आवाज मात्र अंगणापर्यंत जाणारा. पदराला कायम चारपाच सेफ्टी पिना अडकवलेल्या असत, कारण येणाऱ्या लेकरांपैकी एकाचं तरी बटण तुटलेलं असतंच, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं अक्षर अतिशय स्वच्छ होतं. त्यापायी काही लोकांना त्यांच्या डॉक्टरकीचाच संशय यायचा. कोणी ''बाई, सुई द्या'' म्हणून हटून बसलं की त्या म्हणायच्या, ''सुई मी टोचून घेते, तुम्ही गोळी खा.''

दवाखाना म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली. एक टेबल, टेबलाशेजारी पेशंटचं स्टूल, आणि समोर भिंतीला लागून लांबलचक बाक. तपासायला आत एक लहान खोली होती, पण बोलणं सगळं बाहेर, बाकासमोर. स्टुलावरचा माणूस हळू बोलला तरी बाकावर शेवटपर्यंत ऐकू जायचं, आणि जे ऐकू जाईल त्यावर बाक आपलं मत द्यायचा. ''बाई, मागच्या बारीलाही हिला असंच झालतं बघा.'' ''त्यानं दही सोडलं न्हाई, म्हणून खोकला जाईना.'' बाई कधी ओरडायच्या, कधी चक्क विचारायच्या, ''हो का हो, खरंच दही खातो?'' बाकावर बसून बसून मला आमच्या अर्ध्या पेठेच्या पोटाची हकिगत पाठ झाली होती. त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. मलाही वाटत नव्हतं.

आमच्याकडे एक रीत होती, अजूनही आहे. दवाखान्यात आजारी माणूस बोलत नाही, सोबतचं माणूस बोलतं. सुनेचं दुखणं सासू सांगते, बायकोचं नवरा, म्हाताऱ्याचं मुलगा. ज्याला दुखतंय तो खाली मान घालून फरशी बघत बसतो. बाईंना या रीतीचा मनस्वी राग. सुरुवातीला म्हणे त्या समजावून सांगायच्या, मग रागावून पाहिलं, कशाचाच उपयोग झाला नाही. शेवटी त्यांनी त्यांचा तो उपाय शोधला. तो मी माझ्या डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी नवी नवरी होते.

लग्नाला काही महिने झाले होते. मी शाळेत शिकवायचे आणि एकदा वर्गातच चक्कर येऊन पडले. सासूबाई मला घेऊन गेल्या. सासूबाई मनाने वाईट नव्हत्या, पण बोलायला लागल्या की मध्ये श्वास घ्यायच्या नाहीत. मी स्टुलावर टेकते न टेकते तोच त्यांनी सुरू केलं. ही खात नाही, हिच्या माहेरीच खाण्याचे लाड नव्हते, हिला ऊन सोसत नाही, हिची आईही अशीच काडी. बाईंनी शांतपणे ऐकलं. मग सासूबाईंकडे निरखून बघितलं आणि म्हणाल्या, ''तुमचा चेहरा मला बरा दिसेना. आधी तुमचा ताप बघू.'' थर्मामीटर झटकला, पुसला आणि सासूबाईंच्या जिभेखाली सरकवला. ''ओठ मिटा. मी सांगेपर्यंत काढायचा न्हाई.'' आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, ''हां. आता तू बोल.''

बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. बाई वाट बघत राहिल्या. वाट बघणं त्यांना फार चांगलं जमायचं. मग मी सांगितलं की शाळा सकाळची असते, घरात पुरुषमाणसं जेवल्याशिवाय मी काही तोंडात घालत नाही, आणि ती उठायच्या आधी मला निघावं लागतं, म्हणून मी दुपारपर्यंत उपाशीच असते. एवढंच होतं. ते सांगताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण सासरी आल्यापासून मी एका दमात इतकं कधी बोललेच नव्हते. सासूबाई थर्मामीटर तोंडात धरून माझ्याकडे बघत होत्या. बाईंनी तो काढला, उजेडाकडे धरून गंभीरपणे वाचला आणि म्हणाल्या, ''तुमची तब्येत एकदम झकास हाय.''

घरी येताना आमची गल्ली आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ''सकाळी चहासंगं भाकर खाऊन जात जा. मला काय ठाऊक.'' पुढे कितीतरी वर्षं त्या पाहुण्यारावळ्यांना हा किस्सा स्वतःच सांगायच्या, आणि शेवटी ''मला मात्र काडीचा ताप नव्हता'' हे सांगायला विसरायच्या नाहीत.

असे कितीतरी थर्मामीटर मी त्या खोलीत बघितले. मिशीवाले नवरे, मोठमोठ्याने बोलणाऱ्या चुलत्या, एकदा तर पांढऱ्या कपड्यांतला एक पुढारीही. कार्यकर्त्याच्या तब्येतीविषयी भाषण करायला तो उभा राहिला होता. बाईंनी त्यालाही बसवला आणि तोंड मिटायला लावलं.

मग भूकंप झाला. लातूर शहर तसं वाचलं, पण सिमेंटच्या छताखाली जायला कोणी धजेना. महिनोन् महिने लोक अंगणात, रस्त्यावर, मैदानात झोपत होते. बाईंनी टेबल, स्टूल आणि बाक उचलून अंगणातल्या लिंबाखाली मांडला. पावसात भिजून तापलेली लेकरं, नुसत्या भीतीने छाती धडधडणाऱ्या बाया, सगळी तिथेच यायची. किल्लारीकडची माणसंही नातेवाइकांकडे आली होती. त्यातला एक म्हातारा मला कधी विसरता येणार नाही. भाचा घेऊन आला होता. भाचाच बोलत होता, ''मामा जेवत न्हाईत, बोलत न्हाईत, घरातलं कोणी ऱ्हायलं न्हाई त्यांचं.'' बाईंनी भाच्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाकावर बसवलं आणि सवयीने थर्मामीटर दिला. मग म्हाताऱ्याकडे वळून त्या नुसत्या बसल्या. म्हातारा बोलेना. बाक बोलेना. मी लेकाचा खोकला दाखवायला आले होते, तो खोकणंही विसरला.

खूप वेळाने म्हातारा म्हणाला, ''उकडत होतं म्हून मी बाहीर झोपलो. त्यान्ला म्हणलो न्हाई, तुम्ही बी या म्हून.''

बाईंनी त्याचा हात हातात घेतला. तेव्हा बाकावरून एक बाई उठली, औसा भागातली, मी तिला ओळखतही नव्हते. ती त्याच्यापाशी जमिनीवर बसली आणि म्हणाली, ''दादा, माझा बी लेक आतच झोपला व्हता.'' मग ती दोघं एकमेकांशी बोलत राहिली, आणि बाईंनी बाकीच्या पेशंटना हाताने खुणावून थांबवून ठेवलं. त्या दिवशी म्हातारा बाईंच्या घरी भाकरी खाऊन गेला. नंतर बाई मला म्हणाल्या होत्या, ''माझ्याजवळ त्याला औषध न्हवतं. बाकाजवळ होतं.''

तेव्हापासून बाईंचा बाकावर फार विश्वास बसला. माणूस चारचौघांत मोकळं बोलला की निम्मं दुखणं उतरतं, हे त्या ठासून सांगायच्या. हवा बदलली, लोक घरांत झोपायला लागले, बाक पुन्हा पुढच्या खोलीत आला. बाईंचं हे म्हणणं मात्र कायम राहिलं. मलाही ते पटलेलं होतं.

पुढच्या काही वर्षांत लातूरचं रूप पालटलं. जिकडे तिकडे क्लासचे फलक, खानावळी, वसतिगृहं. सगळ्या जिल्ह्यातली, जिल्ह्याबाहेरची लेकरं डॉक्टर-इंजिनिअर व्हायला आमच्या गावात येऊन राहिली. ज्याच्या घरी जास्तीची खोली, त्याच्या घरी पोरं. आम्हीही माडी मुलींना दिली. बाईंच्या बाकावर आता आईबाप दिसायला लागले. ''पोरगं हुशार हाय बाई, फक्त पेपर आला की पोट दुखतंय, तेवढं बघा.'' थर्मामीटरला उसंत नव्हती.

आमच्या माडीवर वर्षा नावाची मुलगी होती, चाकूरकडच्या एका खेड्यातली. बापाचं नाव व्यंकटराव. चांगली शेती, अंगावर नेहमी इस्त्रीचा सदरा, आणि दर थोड्या दिवसांनी लेकीसाठी शेंगा, गूळ, ज्वारीचं पीठ घेऊन येणारा माणूस. 'आमची वर्षा डॉक्टर होणार' हे वाक्य तो नमस्काराच्या आधी बोलायचा. वर्षा अभ्यासाला वाघ होती. पण दिवाळीनंतर तिचे मार्क घसरायला लागले, आणि ती डोकं धरून बसायची. मी विचारलं की म्हणायची, ''काही न्हाई मॅडम, जागरणानं.'' व्यंकटराव आले तेव्हा मीच म्हटलं, डॉक्टरीणबाईंना दाखवू. तिघं गेलो.

बाक भरलेला होता. वर्षा स्टुलावर बसली आणि व्यंकटराव सुरू झाले. ''लई हुशार हाय बाई. शाळेत कायम पयली. आता काय झालंय, डोस्कं दुखलालंय म्हणती. येवढी परीक्षा होईस्तवर काहीतरी ताकदीचं द्या.'' बाईंनी त्यांना थर्मामीटर दिला. बाकावर ओळखीचं हसू पसरलं. मीही हसले. बाई वर्षाकडे वळल्या आणि वाट बघत बसल्या.

वर्षाने आधी बाईंकडे बघितलं. मग तिला वाटलं असावं की इथे बोललेलं चालतं. ती म्हणाली, ''मला एका कानानं ऐकू येत न्हाई. दुसऱ्यानं बी कमीच. लहानपणापासून वाहतोय.'' क्लासचा हॉल मोठा, सर माइकवर बोलतात, तो आवाज तिला नुसता घुमल्यासारखा येतो. आधी शेजारी एक मैत्रीण होती, तिचं बघून ती लिहून घ्यायची. ती मैत्रीण दुसऱ्या तुकडीत गेली. आता ओठ बघून बघून डोकं दुखतं. हे सगळं तिने एका दमात सांगितलं, आणि सांगताना तिचा चेहरा मोकळा होत गेला. बाईंनी कानात बत्ती टाकून बघितलं. ''पडदा फाटलाय,'' त्या म्हणाल्या. ''आधी का न्हाई बोललीस, माय?''

''घरी नेतील म्हून,'' वर्षा म्हणाली.

बाकावरची एक म्हातारी हळहळली, ''अगं बया, कानानं अधू हाय पोरगी.'' शेजारचा माणूस वाकून व्यंकटरावांकडे बघत म्हणाला, ''तुम्ही चाकूरकडचे न्हवं का? पाव्हणे कोण तुमचे?''

व्यंकटरावांनी थर्मामीटर तोंडातून काढला आणि टेबलावर अगदी अलगद ठेवला. ते आवाज चढवून बोलले नाहीत. म्हणाले, ''बाई, माझं तोंड बंद केलं, ते ठीक. पण चार माणसांत माझ्या लेकराचं उघडं केलं तुम्ही. हे आता आमच्या गावात आमच्या आधी पोचंल. उद्या हिला कोण सून करून घेईल?'' त्याच दुपारी त्यांनी वर्षाची पेटी भरली आणि तिला घरी घेऊन गेले. वर्षा रडली नाही, नुसती माझ्याकडे बघून गेली. मला बापाचा राग आला होता. बाईंचाही आला होता, पण तो कसा बोलून दाखवावा हे कळत नव्हतं.

बोलून दाखवायची गरज पडली नाही. दोनेक दिवसांनी बाई आमच्याकडे आल्या. त्या कोणाच्या घरी जात नसत. पायरीवरच बसल्या, पाणीही नको म्हणाल्या. ''इतकी वर्षं मी लोकांची तोंडं बंद करत आले,'' त्या म्हणाल्या. ''कान कोण बंद करणार, हे डोक्यातच आलं न्हाई. त्या म्हाताऱ्याचं आता काही जायचं राह्यलं न्हवतं, तो बोलला. हिचं सगळंच जायचं होतं. मला फरक कळायला पाह्यजे होता.'' बाईंचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता.

त्याच आठवड्यात सुतार आला. पुढच्या खोलीला जाडजूड दार बसलं, बाक बाहेर ओसरीवर गेला. जुने पेशंट कुरकुरले. ''बाई, आता कोणाला काय झालंय काही कळंना,'' अशी एका आजीने उघड तक्रार केली. बाई म्हणाल्या, ''सुम्ने बसा.'' सोबतचं माणूसही आता आत यायचं बंद झालं. आणि रविवारी त्यांनी मला सोबत घेऊन चाकूरची एस.टी. पकडली.

गाव फाट्यापासून जवळच होतं. व्यंकटरावांनी आम्हाला बघितलं आणि गडबडून घोंगडी अंथरली. माणूस भला होता, दारात आलेल्यावर राग काढणारा नव्हता. चहा आला. शहरातून डॉक्टरीण आली म्हटल्यावर अंगणात बायामाणसं जमली. बाईंनी चहा संपवला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, ''चूक माझी झाली. पोरीची काही चूक न्हाई. हे सांगायला आले.''

व्यंकटरावांनी कप खाली ठेवला. मग अगदी हळू बोलले, ''मला ठाऊक होतं बाई, तिच्या कानाचं.'' आतल्या दारात त्यांची बायको उभी होती, तिने मान वळवली. ''भूकंपाच्या साली आम्ही समदे रानात पाल ठोकून ऱ्हात होतो. वरून पाऊस. वर्षाचा कान ठणकाय लागला, मंग वाहाय लागला. हिची माय म्हणली, दवाखान्यात न्या. मी म्हणलो, लोकांची घरंच्या घरं गेली, अन् तू कानाचं काय घेऊन बसलीस. मी तिकडं ढिगारे उपसाया जात होतो. आज नेतो, उद्या नेतो. मंग ऱ्हायलं ते ऱ्हायलंच.'' त्यांनी बायकोकडे बघितलं. ''हिला डॉक्टर केलं की ते फिटंल, असं वाटायचं. म्हून कुणाला बोलू दिलं न्हाई, तिला बी न्हाई.''

मला त्यांचा आलेला राग तिथेच गळाला. बाई म्हणाल्या, ''पडद्याचं ऑपरेशन होतं. सगळं परत येईल असं मी सांगणार न्हाई. पण बरंच येईल. आणि क्लासवाल्यांना मी सांगते, पुढच्या बाकावर बसवतील. पण हे मी अन् तुम्ही ठरवून उपयोग न्हाई.''

व्यंकटरावांनी हाक मारली. वर्षा बाहेर आली आणि खांबाला धरून उभी राहिली. बाया पुढे सरकल्या. व्यंकटराव म्हणाले, ''बोल बाळा. काय करायचं तुला? सांग बाईला.''

असा क्षण आला की बाई स्टुलाकडे झुकायच्या आणि वाट बघत बसायच्या, हे मी इतक्या वेळा पाहिलं होतं की मीही कान टवकारले. पण बाई उठल्या. ''मला नका सांगू,'' त्या म्हणाल्या. ''तुम्ही तिघं आत जा, कवाड लावून घ्या अन् बोला.'' आणि जमलेल्या बायांकडे वळून त्यांनी दवाखान्यातला आवाज काढला. ''चला गं. ज्याला ज्याला काही दुखतंय त्यानं माझ्यासंगं फाट्यावर यायचं. इथं मी कोणाला बघणार न्हाई.''

फुकटात डॉक्टर म्हटल्यावर सगळं अंगण निघालं. म्हातारे, लेकुरवाळ्या, काहीच न दुखणारेही. बाई पुढे, गाव मागे, आणि मी सगळ्यांच्या मागे. फाट्यावर बाभळीखाली एका दगडावर बसून बाईंनी एकेकाला तपासलं, आणि बाकीच्यांना दूर, पार शेताच्या बांधापर्यंत पिटाळलं. घराकडे त्यांनी पाठ केली होती. माझ्याने राहवेना, मी सारखी वळून बंद दाराकडे बघत होते. बाईंनी माझा दंड धरून मला तुरीच्या शेताकडे तोंड करून उभं केलं. लातूरची एस.टी. आली. कंडक्टरने विचारलं, बाईंनी हाताने जा म्हणून सांगितलं. ती गेली, धुरळा खाली बसला, आणि बाई पुन्हा एका म्हातारीची नाडी बघायला लागल्या.

दुसरी एस.टी. दिसली तेव्हा व्यंकटराव घराकडून येत होते. वर्षाची पेटी त्यांच्या खांद्यावर होती आणि वर्षा त्यांच्या पुढे चालत होती. डोळे दोघांचेही लाल होते. त्यांनी पेटी गाडीत चढवली, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाईंना नमस्कार केला.

वर्षा खिडकीपाशी बसली, तिच्या शेजारी बाई, मागच्या सीटवर मी. फाटा मागे पडला तरी बाईंनी तिला एक शब्द विचारला नाही. थोड्या वेळाने वर्षा त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. तेव्हा मी पुढे वाकून हळूच विचारलं, ''काय बोलणं झालं असेल हो बाई आत?''

बाई तशाच समोर बघत राहिल्या. ''मला काय ठाऊक,'' त्या म्हणाल्या. ''मी लांब होते.''